रिकाम्या खुर्चीतलं तेज

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण करंज्याच्या बंदरावर एका दुपारी समुद्रात गेलेले तीन नवरे जिवंत झाले. तेही टीव्हीवर! चौथ्याची पाळी आली तेव्हा भिकू गर्दीत घुसला.

उरणात भिकूचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान. हातात कसब, तोंडात थापा. घोळ माशाच्या पोटातून निघालेला कॅमेरा आपण दुरुस्त केला आणि त्यात माशांच्या लग्नाचे फोटो निघाले, हे तो अजून शपथेवर सांगतो.

मांडवात तेजोनाथ महाराज उभे होते. स्टँडवर कॅमेरा, त्याला वायरीनं जोडलेला भलामोठा टीव्ही. टीव्हीत बंदरावरचे माड मिठासारखे पांढरे आणि आभाळ काळंकुट्ट.

"माउली, साधा कॅमेरा कातडं बघतो, हा प्राण बघतो! धनी जिवंत असेल तर बाईच्या छातीवर तेज उतरतं. आणि याचा फोकस आपोआप होत नाही बरं. माझ्या बोटांतल्या जपानं होतो!"

खुर्चीवर काशी बसली होती. तिचा धर्मा ज्या ट्रॉलरवर होता तो भाद्रपदातल्या वादळात बुडाला. दोन खलाशांची प्रेतं किनाऱ्याला लागली, धर्माचं लागलं नाही. तीन महिने काशी रोज दोन माणसांचा भात टाकत होती. तेज उतरलं तर घरची होडी महाराजांच्या पायाशी, असं ती कबूल करून बसली होती. पोट भरायला तेवढीच उरलेली.

महाराजांनी लेन्सची एक कडी फिरवली. चित्र स्वच्छ झालं. मग दुसरी फिरवली, टक, टक, टक. काशीच्या मंगळसूत्रावर पांढरा उजेड फुलला.

"जित्ता हाय! धर्मा जित्ता हाय!" बायका रडायला लागल्या.

भिकूनं डोळे बारीक करून बघितलं. तो कॅमेरा त्याचाच होता. म्हणजे त्याच्या हातानं उघडलेला. पावसाच्या आधी हाच माणूस पँट-शर्टात आला होता, झाडांचे पांढरे फोटो काढायचेत म्हणून. भिकूनं त्याचा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा खोलून सेन्सरवरची काच काढली आणि तिथं काळी काच बसवली. डोळ्याला दिसणारा उजेड अडवायचा, न दिसणारा इन्फ्रारेड तेवढा आत सोडायचा. वर जुनी, हातानं फिरवायची लेन्स. "ही नका घेऊ," भिकू तेव्हा म्हणाला होता, "ही दुसरी कडी फिरवून लेन्सचं भोक बारीक केलं की इन्फ्रारेड आतल्या आत उसळून बरोबर मधोमध पांढरा डाग पडतो."

"हीच द्या," गिऱ्हाईक म्हणालं होतं.

"ओ महाराज!" भिकू ओरडला. "लेन्सचा डाग हाय तो! मीच विकलीय!"

गर्दी हसली. "भिकूदादा, माशांचं लगीन झालं का?"

भिकूनं शेजारच्या टोपलीतलं पापलेट उचललं आणि हात लांब करून कॅमेऱ्यासमोर धरलं. पापलेटवर तेज फुललं. "बघा! हिचा पण घरवाला जित्ता हाय!"

महाराज गोड हसले. "मासोळीतही नारायण असतो, माउली."

"असतो, असतो!" गर्दीनं हात जोडले.

काशी मात्र टीव्हीकडे बघत राहिली होती. ती हळूच खुर्चीवरून उठली आणि बाजूला झाली.

तेज खुर्चीतच होतं. रिकाम्या पाठीवर, ठीक मधोमध.

काशी कॅमेऱ्यापाशी गेली. महाराज हात आडवा घालायला लागले, तो तिनं दूर सारला. तिनं कडी उलटी फिरवली, तेज गेलं. सुलटी फिरवली, आलं. परत गेलं.

"माणूस उठला तरी जे तेज खुर्चीत बसून राहतं, ते माणसाचं नसतं," भिकू गर्दीला म्हणाला. "पाया मागनं पडा, बायांनो. आधी एकदा उठून तर बघा!"

कोणी उठलं नाही. मघाशी जिचा नवरा जिवंत झाला होता ती सोनाबाई फणकारली, "काशीचं खोटं निघालं असंल. आमचं खरं व्हतं." महाराजांनी कडी पुन्हा टकटकवली. पुढची बाई खुर्चीवर जाऊन बसली.

काशी होडीपाशी जाऊन उभी राहिली. भिकू मागोमाग गेला.

"दादा, काचेचं कळलं. धर्माचं काय?"

भिकूनं वाळूकडे बघितलं. "अगं, एखाद्या परदेशी जहाजानं उचलला असंल. माझ्या ओळखीचा एक खलाशी, बेचाळीस दिवस फळीवर होता, पावसाचं पानी पिऊन. मग मस्कतहून फोन आला त्याचा. धर्माचाही येईल. मोबाइल न्हाय ना त्याच्याकडं, म्हणून…"

"थाप हाय ही, दादा," काशी म्हणाली. "धर्मा बुडाला."