तेल लावलेली बदकं

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत जन्मलेल्या रीमाला बदकांच्या शिकारीचं वेड लागलं, तेव्हा तिच्या शाकाहारी, कीर्तनवेड्या वडिलांनी, जगन्नाथरावांनी, ‘देवाची लीला’ म्हणून ते पोटात घातलं. पण त्या रविवारी सोसण्याची पाळी रीमाची होती.

कार्ल नावाच्या शेतकऱ्याने तिला मका कापलेलं शेत एका सकाळपुरतं दिलं होतं. “नऊच्या आत बदकं उतरली तर सीझनभर शेत तुझं. नाहीतर भाच्याला देतो.”

बदकं उतरवायची तर शेतात खोटी पाखरं मांडावी लागतात, डिकॉय. दुकानातली भरीव, हुबेहूब बदकं पाहून रीमाचे डोळे दिपले आणि किंमत पाहून मिटले. महिनाभर डोकं शिणवून तिने शेवटी गीजच्या, म्हणजे रानहंसांच्या, चपट्या आकृत्या घेतल्या; त्यांच्यात बदकंही बिनधास्त उतरतात. स्वस्त, लांबून दिसणाऱ्या, तिच्या एवढ्याशा गाडीत मावणाऱ्या. जोडीला एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडची आठ जुनी, मळकी बदकं. “मळकीच राहू दे. चमकलं की पाखरू बिचकतं,” तो म्हणाला होता. हे तिने बाबांच्या कानावर घातलं नाही, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

अंधारात, मदतीला आलेल्या बाबांसोबत, सगळी मांडामांड झाली. फटफटलं, आणि आठही बदकं हळदीच्या नवरीसारखी उजळली. खोबरेलाचा वास सुटला होता.

“बाबा, काय केलंत हे?”

“आंघोळ घातली. परक्याच्या घरची वस्तू तशीच आत घेतात होय? मग कोरडी दिसली, म्हणून तेलाचा हात फिरवला.”

“प्लास्टिक आहे ते, बाबा.”

“म्हणून काय झालं?”

पहिला थवा आला, घिरटी घालून वळला. दुसऱ्याने तर घिरटीही घातली नाही. बांधावरच्या ट्रकमध्ये कार्ल कॉफी पीत सगळं बघत होता.

“बघ बाळा, पाखरालाही खोट्या झगमगाटाची पारख असते. आणि आपण माणसं…”

“बाबा, प्लीज. तुमचा पूर्वरंग घरी. साडेआठ झालेत. माती चोळा.”

जगन्नाथराव गुडघ्यांवर बसले. ओल्या काळ्या मातीत दोन्ही हात घालून त्यांनी एकेक बदक माखलं. तेलावर माती अशी चिकटली, की चमक औषधालाही उरली नाही. बापलेक मक्याच्या धाटांखाली आडवे झाले.

तिसरा थवा घिरट्या घालत खाली आला, पाय सोडून थेट बदकांमध्ये उतरू लागला. रीमाने नेम धरला. दोन पडली, बाकीची उडाली. कार्लने काच खाली करून अंगठा दाखवला. “सीझनभर तुझं.”

रीमाने श्वास सोडला आणि वळून पाहिलं. बाबा उठून बसले होते, पडलेल्या जिवांसाठी चिखलाचे हात जोडून, डोळे मिटून. ओठ हलत होते. पूर्वेकडून चौथा थवा येत होता.

“बाबा,” ती दातओठ खात पुटपुटली, “नमस्कार झोपून करा.”