जावयाची खुर्ची

दर वर्षी बाबांच्या वाढदिवसाला सगळं घर स्टुडिओत जाऊन फोटो काढतं आणि दर वर्षी थोरलीच्या शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली जाते. ती जावयासाठी. जावई कोण, ते ठरायचं आहे. पण आत्याचं म्हणणं, जागा धरून ठेवलेली बरी. अशी अकरा वर्षं झाली. धाकटा भाऊ दोनदा फोटोला आला नव्हता. खुर्चीचा एकही खाडा नाही.

थोरली एकोणचाळीस वर्षांची. कवळ्या बनवते. लग्न करायचं नाही, हे तिने तिशीत सांगितलं, पस्तिशीत पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा घरच्यांनी त्याचा अर्थ ‘सध्या नको’ असा लावला.

यंदा बाबांची पंच्याहत्तरी. आत्याने खुर्चीच्या पाठीला धाकट्याचा कोट अडकवला.

“नुसती रिकामी बरी नाही गं दिसत.”

धाकट्याने कोटाच्या खिशात रुमालही खोचला. माणूस नीटनेटका दिसायला हवा ना!

थोरली उठली. “खुर्ची तरी जाईल, नाहीतर मी.”

“अगं, तुझ्याचसाठी चाललंय!” आत्या म्हणाली. “आमच्यामागे तुला कोण आहे?”

“हा कोट आहे का?”

“आज माझा दिवस आहे,” बाबा कडाडले. “नाटकं नकोत. बस खाली.”

“दिवस तुमचाच आहे, बाबा. काढा फोटो. माझ्या जागी दुसरा कोट लावा.” तिने पर्स उचलली आणि दाराकडे निघाली.

“थांबा!” कॅमेऱ्यामागून फोटोवाल्या बाई पुढे आल्या. “तुमचा फोटो मी बाहेर काचेत लावते. रिकामी खुर्ची बघून येणारं-जाणारं विचारतं, या घरातलं कोण गेलं? शेजारी धडधाकट मुलगी बसली आहे, तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही!”

“पण जागा रिकामी आहे ती आहेच ना?” आत्या हटेना.

“आत्या, तोंडातल्या रिकाम्या जागा भरणं हा माझा धंदा आहे,” थोरली दारातूनच म्हणाली. “दात पडला की जागा रिकामी होते. इथे दात कधी नव्हताच! आणि मी व्यवस्थित चावते आहे.”

बाबांना हसू फुटलं. थोरलीने बनवलेली कवळी सांभाळत ते बराच वेळ हसले. मग त्यांनी थोरलीकडे नीट पाहिलं.

“गेल्या वर्षी फोटोत हिने काय घातलं होतं?” त्यांनी विचारलं.

कुणालाच आठवेना.

“मलाही नाही आठवत. खुर्ची तेवढी आठवते.” बाबा उठले आणि खुर्ची उचलून स्वतः बाहेर ठेवून आले. “चुकलो गं. ये.”

“कोट तरी राहू दे,” आत्या पुटपुटली.

“तो ज्याचा आहे त्याला घालू दे,” बाबा म्हणाले.

थोरली परत आली आणि चांगली ऐसपैस बसली.

मंडळी, ज्याला जोडीदार हवा त्याने खुशाल शोधावा. पण ज्याने एकटं राहायचं ठरवलं, त्याच्याकडे कुणीही यायचं बाकी नसतं. तो स्वतः आलेला असतो, तुमच्यासमोर बसलेला असतो. त्याच्याकडे बघा!