मी दाखवलेले चौसष्ट अंश

मी थर्मामीटर बोलतोय. माणसांच्या काखेतला नव्हे, नदीतला. वीतभर काच, आत लाल रेघ, बाहेर पितळी नळी आणि वर बांधलेली दोरी, एवढाच माझा संसार. इतके दिवस मी तोंड मिटून होतो. पण आज सकाळी जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

माझा मालक ऑरिन ट्वेट. अमेरिकेतल्या मॉन्टॅनाच्या डोंगरांतून उतरणाऱ्या आमच्या नदीवर तो तीस वर्षं पिसांच्या खोट्या माश्या गळाला लावून ट्राउट मासे धरतो आणि धरलेला प्रत्येक मासा परत सोडतो. खायचा नाही तर धरायचा कशाला, हे मला कधीच कळलं नाही. पण नियम मात्र कडक. आधी मला पाण्यात सोडायचं, मिनिटभर थांबायचं. रेघ अडुसष्टच्या वर गेली की गळाच्या काठ्या आवरायच्या. इथे फॅरनहाइट चालतं; अडुसष्ट म्हणजे माशांना उकाडाच. अशा पाण्यात मासा गळाशी झुंजला, तर सोडूनही जगत नाही.

ऑरिनचा जोडीदार क्लीटस बोमन. "काय डॉक्टर, नदीला ताप आहे का?" असं रोज चिडवायचा. पण ऑरिनने 'नाही' म्हटल्याशिवाय त्याने कधी गळ टाकला नाही.

जुलैच्या शेवटी मी ऑरिनच्या हातून दगडावर पडलो. काच शाबूत राहिली, पण लाल रेघेचा एक तुकडा तुटून वरच्या टोकाला चिकटून बसला. उरलेली रेघ आखूड झाली आणि मी सहा अंश कमी दाखवू लागलो. मला ते कळत होतं. सांगणार कसा? ऑरिनने निरखून पाहिलं असतं तर त्यालाही दिसलं असतं. पण रोजच्या वस्तूकडे कोण निरखून पाहतं!

ऑगस्टातली एक दुपार. क्लीटस गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "ऑरिन, पाणी कोमट लागतंय रे. आज राहू दे."

"तुझ्या पायांना काय कळतंय? हे बघ, चौसष्ट. टाक मुकाट्याने."

होते सत्तर.

क्लीटसला लागला नदीतला सर्वांत थोराड मासा. दोघे त्याला 'सिनेटर' म्हणत. आजवर पाचदा धरून सोडला होता त्याला. सिनेटर दहा मिनिटं झुंजला. क्लीटसने हौसेने त्याला क्षणभर वर उचललं, मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं आणि कल्ले हलू लागल्यावर सोडलं. थोड्या वेळाने वळणापाशी त्याचं पांढरं पोट तरंगताना दिसलं.

ऑरिन भडकला. "मिरवण्यापायी मारलास त्याला! किती वेळ वर धरलास?"

"अरे, तीन सेकंदसुद्धा नसेल..."

"चालता हो इथून. पुन्हा माझ्याबरोबर येऊ नकोस."

क्लीटस मान खाली घालून गेला. मी ऑरिनच्या छातीवर लोंबकळत होतो. लाज वाटली स्वतःची.

ऑक्टोबरात हंगाम संपला की ऑरिन मला ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासतो. बत्तीस, म्हणजे गोठणबिंदू, दाखवायला हवं. मी सव्वीस दाखवलं. त्याने चष्मा लावला, वर चिकटलेला लाल तुकडा पाहिला आणि मटकन खुर्चीत बसला. फोन उचलला, तेव्हा मला हायसं वाटलं. पण आकडे न दाबताच त्याने फोन ठेवला आणि मला स्वयंपाकघरातल्या खणात, फडक्यांच्या खाली सारलं.

आज सकाळी स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. क्लीटस होता. आवाज पार बसलेला.

"तुझंच खरं होतं ऑरिन. मीच मारलं सिनेटरला. काठ्या देऊन टाकल्या मी, आता नदीवर पाय ठेवणार नाही. फक्त एकदा माफ कर, यार."

तेवढ्यात माझा खण बोटभर उघडला. उजेड आत आला. ऑरिनचा हात खणाच्या मुठीवर होता. काढ ना मला, काढ, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेन!

खण बंद झाला.

"जाऊ दे क्लीटस," ऑरिन म्हणाला. "केलं तुला माफ."

क्लीटस रडत रडत त्याचे आभार मानून गेला.

तुमच्यापैकी कुणी या घरात आलंच, तर हा खण उघडा आणि मला क्लीटसकडे न्या. मासा मी मारला, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. ऑरिन सांगणार नाही.