टिचकीच्या वाट्याचं प्रथिन

टिचकी माझी भाची, सहा वर्षांची. तिच्या जखमा भरत नाहीत, कारण तिच्या पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत सरपटतच नाहीत. सरपटायला पेशीला ॲक्टिन नावाच्या पदार्थाचे धागे विणावे लागतात. त्यासाठी हुकूम देणारा आणि धागा सुरू करणारा अशा दोघांना शेजारी बसवणारं एक प्रथिन असतं. टिचकीचं तेच बिघडलंय, असा डॉक्टरीणबाईंचा संशय होता. तसं असेल तर माझ्या भावाच्या, म्हणजे तिच्या बाबाच्या, हाडातला मगज तिला देता येणार होता; या पेशी तिथेच तयार होतात. पण त्याआधी तिच्या स्वतःच्या हाडांतला मगज औषधाने जाळायचा. संशय खोटा निघाला तर पोर फुकट जळणार.

खात्री करायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. काल मी टिचकीचं प्रथिन ॲक्टिनमध्ये घालून चाचणी केली. धागे बनले की मशीनवरची रेष चढते. रेष आडवीच राहिली. धागे बनले नव्हते. मी भावाला फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सापडला चोर!" औषध आज चारला सुरू होणार होतं.

दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलाशी बसलेल्या, प्रयोगशाळेतल्या जुन्याजाणत्या मास्तरांनी सहज विचारलं, "प्रथिन किती घातलंस?"

"पाचपट."

"का गं?"

"म्हटलं, पोरीला कमी नको पडायला."

त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, पाचपट घातलं तर चांगलं प्रथिनसुद्धा असंच करतं!"

मला हे माहीत नव्हतं थोडंच? घरात एकच बाक असला की भांडलेली माणसंही शेजारी बसतात. पाच बाक टाकले की जो तो आपापला बाक धरतो; तसा हुकूमवाला एका प्रथिनावर बसतो, धागेवाला दुसऱ्यावर. कालच्या रेषेने काहीच सिद्ध झालं नव्हतं. आत्यापणा नडला. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ॲक्टिनची एकच ट्यूब उरली होती. ती बर्फात ठेवत होते तोच फोन वाजला.

"ताई, नर्सबाई सुई घेऊन आल्यात. लावू देऊ ना?"

"थांबव त्यांना!"

"आता? काय झालं?"

"माझं चुकलंय. अर्धा तास दे मला."

मी फोन ठेवला आणि ट्यूब उचलली. 

या वेळी एकपटच घातलं. पिपेट दोन्ही हातांनी धरली. चांगल्या प्रथिनाची, एकपटच मापाची, मागच्या आठवड्यातली नोंद समोर उघडून ठेवली. त्यात दुसऱ्या मिनिटालाच रेष चढली होती.

ही रेष वर जावी म्हणून मी वीस वर्षं मशीनपुढे हात जोडले आहेत. आज मी त्याच मशीनपुढे विनवत होते की चढू नकोस. आमच्या पोरीचं नासकंच निघू दे. असं मागताना मला माझीच किळस आली, तरी मी मागत राहिले.

दुसऱ्या मिनिटाला रेष जराशी हलली.  मग ती खाली बसली आणि दहा मिनिटं तशीच राहिली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

मी फोन लावला. "बिघडलेलंच आहे रे. आता नक्की."

"बरं झालं, ताई," भाऊ म्हणाला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

मागून टिचकीचा आवाज आला, "बाबा, आत्या काय म्हणाली?"

"चांगली बातमी आहे, बाळा," तो म्हणाला. "हात पुढे कर."