कोपऱ्यातली ओल

क्लाइडने गादी उभी केली आणि खालच्या प्लायवूडवर नाक टेकवलं. जुन्या कॅम्परमध्ये, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसवायच्या लाकडी खोलीत, सगळ्यात आधी ओल धरते ती इथेच, ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर येणाऱ्या पलंगाच्या कोपऱ्यात. बुरशीचा वास आला की पुढचं काही बघायचं नाही, सौदा सोडून सरळ घरी जायचं, असा त्याचा नियम होता.

वास आला तो लाकडाचा. नुसत्या कोरड्या लाकडाचा.

"झोपलास की काय तिथे?" त्याची बायको नडीन खालून ओरडली.

तो बाहेर आला आणि शिडीने छतावर चढला. प्रत्येक सांध्यावर पाणी अडवणारं ताजं पांढरं सीलंट होतं. क्लाइडने तोंड वाकडं केलं. विकायच्या आदल्या दिवशी सीलंट फासणारे लोक त्याने ओरेगन राज्यभर पाहिले होते. वरून नट्टापट्टा आणि आत भुसा.

"बाई, हे कधी लावलंत?"

"ऑक्टोबरात, हॅलोविनच्या आधी. दरवर्षी लावते. जुनं खरवडायचं, मग नवं." कॅम्परची मालकीण व्हर्ना अंगणात हाताची घडी घालून उभी होती. वय ऐंशीच्या घरातलं. "माझा नवरा आर्विड गेला म्हणून पाऊस थोडाच थांबलाय! आणि बर्फ पडला की वितळायच्या आत झाडून काढते."

"तुम्ही? या शिडीवर चढून?"

"मग काय, बर्फ आपणहून उतरतो?"

आता तिचा मुलगा तिला ॲरिझोनात न्यायला येणार होता आणि त्याच्या वसाहतीत दारासमोर कॅम्पर ठेवायला बंदी होती. इकडे क्लाइड लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून अलास्काचे नकाशे पाहत बसला होता. तंबूत जमिनीवर झोपणं नडीनच्या गुडघ्यांना आता झेपत नव्हतं. कॅम्पर मिळाला तरच अलास्का, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याने खिशातून लाकूड टोचून बघायची टोकदार आरी काढली. खिडकीखाली टोचली, सिंकच्या मागे टोचली, दाराच्या उंबऱ्यात टोचली. पावात शिरावी तशी ती आत जायला हवी होती, निदान एकदा तरी. प्रत्येक वेळी टक् असा आवाज झाला. कडेच्या पट्टीतले स्क्रू पाहिले, एकाखालीही गंजाचा तांबडा ओघळ नाही. कॅम्पर ज्यांवर उभा होता ते पायांसारखे चारही जॅक ग्रीसने चकचकत होते. क्लाइडच्या अंगावर काटा आला. लाकडाला कुजायला टाचणीएवढं भोक पुरतं, हे तो जन्मभर गिरणीत बघत आला होता. या बाईने पाण्याला चाळीस हिवाळे दारातच उभं ठेवलं होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला.

"एकदम कोरडं आहे हो!" तो दारातून म्हणाला.

"असणारच," व्हर्ना म्हणाली आणि पाठ फिरवून कुंपणापाशी गेली.

नडीन पायरीवर चढून त्याच्या कानाशी आली. "तू कोरडं म्हणालास की तिचा चेहरा बघ. तिला विकायचा नाहीये रे. काहीतरी खोट निघावी म्हणून देवाला विनवतेय ती."

"आणि अलास्का?"

नडीनने कुंपणापाशी उभ्या व्हर्नाकडे पाहिलं.

क्लाइड खाली उतरून मागच्या कोपऱ्याशी गेला. तिथे त्याने अंगठा दाबला, बराच वेळ दाबून धरला आणि मान हलवली. बोलताना त्याला फार वाईट वाटलं. "इथे ओल आहे बाई. मऊ लागतंय. आम्हाला नाही जमायचं. राहू दे तुमच्याकडेच."

"कुठे?"

"इथे."

व्हर्ना तरातरा आली. तिने त्याच्या हातातली आरी हिसकावली आणि कोपऱ्यात खुपसली. टक्. पुन्हा खुपसली. टक्.

"मऊ म्हणे! दर पावसात याच कोपऱ्याला हात लावून बसलेय मी. आर्विडच्या आजारपणातसुद्धा! खोटंच बोलायचं होतं तर दुसरा कोपरा धरायचास, गाढवा!"

मग ती थांबली. तिने क्लाइडकडे पाहिलं, नडीनकडे पाहिलं. दोघंही खाली बघत होते. व्हर्नाचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले.

"ट्रक लाव मागे," ती म्हणाली.

"व्हर्नाबाई, तुम्ही..."

"लाव म्हणते ना."

चार पायांवर उभ्या कॅम्परखाली पिकअप मागे घेत हौदा घालायचा म्हणजे नवराबायकोचं भांडण ठरलेलं. नडीन खुणा करायला पुढे झाली, पण व्हर्नाने तिला हाताने बाजूला केलं. ती आरशात दिसेल अशी उभी राहिली. डावीकडे, थोडं डावीकडे, ये, ये. क्लाइडने आयुष्यात इतक्या शांतपणे गाडी मागे घेतली नव्हती. हौदा एका दमात आत गेला, कुठेही घासला नाही.

व्हर्नाने दोन्ही तळवे वर केले. थांब.

क्लाइड थांबला. त्याने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि आरशात पाहिलं. तिचे हात वरच होते. नडीन जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. ते हात आपणहून खाली येईपर्यंत क्लाइड गाडीतून उतरला नाही.