पंधरावा उंदीर

पंधरावा उंदीर मला चावला. ग्लोव्ह फाडून दात थेट अंगठ्यात. मी ओरडले नाही, पण हात सैल पडला आणि ते जनावर टेबलावरून उडी मारून कपाटामागं गेलं.

"शालनबाई?" पद्मा मॅडमच्या हातातली कात्री थांबली. "तुम्हाला? उंदीर चावला?"

त्यांना नवल वाटणारच. तळवड्याच्या या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं पांढरे उंदीर सांभाळते. आठवडाभर रोज हातात घेऊन त्यांची भीती मोडायची आणि नेमलेल्या दिवशी छातीशी धरून कटरपाशी न्यायचं. एक खटका, मुंडकं बाजूला. मॅडम कवटी उघडून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढतात. मोहरीहून जराशी मोठी असते. उंदीर घाबरून मेला तर सगळे आकडे बिघडतात, म्हणून नियम कडक. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नाकाला लागता कामा नये. दर खटक्यानंतर कटर धुवायचा, ग्लोव्ह बदलायचे. माझ्या हातात उंदीर मान टाकून झोपतो, असं सगळे म्हणायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मॅडम पट्टी बांधायला वाकल्या आणि माझ्या मानेकडं बघत राहिल्या.

"हे रक्त तुमचं नाही. याच्याच वासानं बिथरला तो."

मी हात लावला. कानाखाली वाळलेली खपली होती. घाईत धुवायची राहिली.

"सुनेचं," मी म्हटलं.

माझा मुलगा धनेश चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. या आठवड्यात दुसरी शिफ्ट, म्हणून सकाळी घरी. दीक्षानं त्याला न विचारता पॅकिंगच्या नोकरीचा फॉर्म भरला, तो त्याला सापडला. त्यानं कुकरचं झाकण तिच्या तोंडावर घातलं. नाक फुटलं. ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. आणि मी, मी काय केलं? तिचे हात एकेक करून सोडवले. "मला उशीर व्हायलाय गं," म्हणाले, आणि डबा उचलून निघाले.

"रोज मारतो?" मॅडमनी विचारलं.

"रोजच. पण मला आता काही वाटत नाही बघा. माझा नवरा जिवंत होता तोवर मीही रोज खाल्ला मार. कान मेलेत माझे."

 मॅडम पिंजऱ्यांकडं बोट करून म्हणाल्या, "डाव्या रांगेतल्यांच्या कातडीखाली आपण पंप का बसवलाय, सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मेंदूतून एक हार्मोन ठोक्याठोक्यानं पिट्युटरीत येतं. तिथल्या पेशींवर ते ओळखणारे रिसेप्टर असतात. ठोके थांबून थांबून आले की रिसेप्टर बनवणारं जीन जोरात चालतं. तेच हार्मोन पंपानं सलग ओतलं की जीन मंदावतं, रिसेप्टर कमी होतात. हार्मोन भरपूर असतं, पण पेशी दाद देत नाही.

"पेशी मरते का?" मी विचारलं.

"नाही हो. पंप काढला की जीन पुन्हा कामाला लागतं. सगळे परत येतात."

 दीक्षा घरात आल्यापासून, सव्वा वर्ष, कान मेलेत म्हणून मी स्वतःची समजूत घालत होते. मेलं काहीच नव्हतं. मी ऐकणं बंद केलं होतं.

"मॅडम, मी घरी जाते."

"जा. आजचं काम नाहीतरी वाया गेलंय."

रिक्षा करून रूपीनगरला आले. गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. आधी पट्ट्याचा, मग तिचा. शेजारणी दारात लसूण सोलत होत्या. मी दार ढकललं. धनेशनं तिचे केस मुठीत गुंडाळले होते आणि तो तिचं डोकं ओट्यावर आपटत होता. ओट्यावर रक्त, भातावर रक्त.

"सोड तिला."

"तू मधी पडू नको, आई! कामाला जा तुझ्या!"

कुकरचं झाकण अजून तिथंच होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. एकदा. पुन्हा एकदा. हाड मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. तो गुरासारखा ओरडत खाली बसला. मी मागून त्याची मान धरली, अंगठा जबड्याखाली, रोज उंदराची धरते तशी. माझंच लेकरू. नाडी अंगठ्याखाली थडथडत होती. जोर वाढवावा असं वाटलं, देवाशपथ वाटलं. मग सोडली.

"आई, माझा हात..." तो रडायला लागला.

"दवाखाना कोपऱ्यावर हाय. पायांनी जा." मी दीक्षाकडं वळले. "चप्पल घाल, बाळा."

चौकीत हवालदारानं दोघींकडं पाहिलं. एकीचं नाक सुजलेलं, दुसरीच्या अंगठ्याला पट्टी.

"आई होऊन पोराविरुद्ध तक्रार देताय? विचार करा, मावशी. घरातलं घरात मिटवा."

"त्याचा हात मी मोडलाय, तेही लिहा. पण आधी हे लिहा."

"बरं. कधीपासून मारतो? नक्की आठवतंय का काही?"

दीक्षा खाली मान घालून बसली होती. मला वाटलं होतं, मला काय आठवणार? तोंड उघडलं आणि एकेक बाहेर यायला लागलं.

"दिवाळीच्या पाडव्याला, पट्ट्यानं. मी पणत्या पुसत होते. संक्रांतीला लाटण्यानं, लाटणं मोडलं. मी तीळ निवडत होते. होळीच्या दुसऱ्या दिवशी पोटात लाथ, तिला तिसरा महिना होता. मी बाहेर नळावर पाणी भरत होते. मला ऐकू आलं होतं. मी हंडा भरेपर्यंत थांबले."

दीक्षानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी थांबले नाही. हवालदाराचा कागद भरला. त्यानं दुसरा घेतला.