दोन दिवस पुढे

डोंबिवलीच्या अण्णा केळकरांनी घरात कॉम्प्युटर आणला तो पत्रिका करायला. मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आता तासाभराचं गणित एका बटणावर करायचा, आणि त्याचा तोरा काय विचारता! मग ब्याण्णवच्या मार्चात पेपरात आलं, की सहा तारखेला एक व्हायरस जागा होणार आणि कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकणार. अण्णांची झोप उडाली. तो दिसत नाही, खोकत नाही, मग आपल्याकडे आहे की नाही हे ओळखायचं कसं? कुणीतरी सांगितलं, मशीनला सहा तारीख दाखवूच नका. अण्णांनी पाचलाच मशीनची तारीख सातवर नेली आणि संकट टळल्याच्या आनंदात ती मागे आणायला साफ विसरले.

चोवीस तारखेला संध्याकाळी नाथा आला. कंपनीत अण्णांच्या हाताखाली काम केलेला, खाडीकाठच्या मोठागावातला कोळी. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्या सकाळी त्याला मुलगा झाला होता.

"अजून पोराला बगितला नाय, अण्णा. शिफ्ट सुटली तसा हितंच आलो. आई बोलली, आधी पत्रिका बग."

अण्णांनी जन्मवेळ टाकली. तारखेच्या जागी नुसतं बटण दाबलं, की मशीन आजची तारीख आपोआप घ्यायचं. कागद बाहेर आला आणि अण्णांचा चेहरा उतरला. मूळ नक्षत्र! शांत होईपर्यंत, म्हणजे सत्तावीस दिवस, बापाने मुलाचं तोंड पाहायचं नाही. नाथाने कागदाची घडी खिशात घातली. आणलेले पेढे द्यायचंही त्याला सुचलं नाही.

रविवारी अण्णांची मुलगी उत्तरा ठाण्याहून आली. ती बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात होती. स्वच्छ फ्लॉपी घालून तिने मशीन सुरू केलं आणि सगळं तपासलं.

"व्हायरस नाहीये, अण्णा. पण आज एकतीस तारीख कशी?"

"एकोणतीस ना?"

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. क्षणभर त्यांना खरंच कळेना, की आपण कुठल्या दिवशी बसलोय. पडदा खरा असेल तर दोन दिवसांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या राहिल्या. मग एकदम नाथाची पत्रिका आठवली. घाईघाईने पंचांग उघडलं. चोवीसला अनुराधा. काहीही दोष नव्हता.

ते तडक रिक्षाने मोठागावात गेले. नाथा ओट्यावर दाराकडे पाठ करून बसला होता. आत बाळ रडत होतं. अण्णांनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"म्हंजे मशीन खोटा बोलला?"

"मशीन नाही रे, मी. चूक माझी. जा, बघ पोराला."

नाथा ताडकन उठला. दारापर्यंत गेला, पडद्याला हात लावला आणि तिथेच थांबला.

"आन आज बोलताव त्यात चूक असली तं?"

"अरे, पंचांगात छापलंय!"

"तवा कागदावर पन छापलेला होता." त्याने हात मागे घेतला. "नऊ वर्सांनी झालाय, अण्णा. मना कायच कळत नाय. ऱ्हाऊ दे. बावीस दिस काढीन."

बोलणं ऐकून नाथाची बायको मालू बाळाला घेऊन दारात आली. नाथाने पटकन खाडीकडे तोंड फिरवलं. अण्णांनी वाकून बाळाला पाहिलं.

"कोनासारा दिसतो?" पाठमोऱ्या नाथाने हळूच विचारलं.

"तुझ्यासारखा. अगदी तुझ्यासारखा."

नाथाची मान किंचित वळली आणि पुन्हा खाडीकडे गेली.

"नक्की?"